मुकी अक्षरे आणि पालटलेले अर्थ
इंग्रजी शास्त्रवाचनातील काही विरळ शब्दांचा अभ्यास



नोकरीधंद्याच्या निमित्ताने आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत. सिकंदराबाद, बंगळूर, दिल्ली, भोपाळ अशा शहरांत राहणारी अनेक कुटुंबे घरी मराठी पवित्र शास्त्र वाचतात आणि रविवारी इंग्रजी उपासनेला जातात. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. कपाटात वाडवडिलांच्या वेळचे किंग जेम्स भाषांतर असते. केव्हातरी उपासनेत शास्त्रपाठ वाचण्याची पाळी आपल्यावर येते, किंवा शब्बाथशाळेतील एखादे मूल एखाद्या शब्दाचा अर्थ विचारते. अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात : या शब्दाचा उच्चार काय, आणि त्याचा अर्थ काय?

या दोहोंपैकी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. उच्चार चुकला तर ऐकणारा क्षणभर गोंधळतो. अर्थ चुकला तर शिकवणच उलटी होते. शिवाय अगदी अनोळखी शब्द भेटला की आपण आपोआप शब्दकोशाकडे वळतो. ओळखीच्या रूपात आलेला जुना शब्द मात्र आपल्याला थांबवीत नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवतो. प्रस्तुत लेखात आपण प्रथम उच्चारांचा आणि मग अर्थांचा विचार करू. येथे इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी दिले आहे, आणि उच्चार ब्रिटिश वळणाचे, म्हणजे आपल्याकडे सामान्यतः प्रमाण मानले जाणारे आहेत.

१. लिहिणे एक, बोलणे दुसरे

जसे लिहावे तसे वाचावे, ही आपल्याला देवनागरीने लावलेली सवय आहे. तरी आपली लिपीही या बाबतीत अगदी निर्दोष नाही. 'चार' आणि 'चारा' या दोन शब्दांत 'च' एकच लिहितात, पण त्याचे उच्चार दोन होतात. 'ज्ञान' हा शब्द मराठी माणूस 'द्न्यान' असा उच्चारतो, तर त्याचा हिंदीभाषक शेजारी 'ग्यान' म्हणतो. लिहिताना मात्र दोघेही 'ज्ञ'च काढतात. आपल्याला यात अडचण वाटत नाही, कारण हे शब्द आपण डोळ्यांनी वाचण्याआधी कानांनी शिकलो. इंग्रजीच्या बाबतीत उलटे घडते. तो शब्द आपण आधी वाचतो, आणि ऐकण्याचा प्रसंग कधी येतो तर कधी येतच नाही.

इंग्रजीत ही तफावत एवढी मोठी का? त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण छपाईचे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला. छपाईमुळे शब्दांची स्पेलिंगे हळूहळू कायम होऊ लागली. पण त्याच सुमारास, आणि पुढे दोन-तीन शतके, इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार पालटत गेले. कित्येक व्यंजनेही बोलण्यातून गळाली. सरदार या अर्थाच्या 'नाइट' या शब्दात आरंभीचा 'के' आणि मधले 'जी-एच' एके काळी खरोखर उच्चारले जात. उच्चार गेला, अक्षरे राहिली.

दुसरे कारण विद्वानांचे. ऋण या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. पुढे पंडितांनी पाहिले की याचे मूळ 'डेबिटम' या लॅटिन शब्दात आहे, आणि त्या मुळाची खूण म्हणून त्यांनी लिहिण्यात 'बी' घातला. लोक मात्र पूर्वीसारखेच 'डेट' म्हणत राहिले. 'डाउट' या शब्दातील 'बी' आणि 'रिसीट' यातील 'पी' यांचीही हीच कथा आहे. कधी पंडितांचाही तर्क चुकला. बेट या अर्थाच्या 'आयलंड' या अस्सल इंग्रजी शब्दाचा लॅटिनशी संबंध नव्हता. तरी लॅटिनमधून आलेल्या 'आइल' या समानार्थी शब्दाच्या देखाव्याने त्यात 'एस' शिरला आणि आजतागायत तेथेच आहे.

२. मुकी अक्षरे

आता उपासनेत नेहमी भेटणारे काही शब्द पाहू.

साम. स्पेलिंग : पी, एस, ए, एल, एम. यातील 'पी' आणि 'एल' दोन्ही मुके. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाद्याच्या तारा छेडणे, आणि त्यावरून तंतुवाद्याच्या साथीने गायिलेले गीत. मराठीत आपण 'स्तोत्र' म्हणतो. स्तोत्रकर्ता तो 'सामिस्ट'. पण स्तोत्रांच्या पुस्तकाला 'सॉल्टर' म्हणतात. तेथे 'पी' मुका राहतो, 'एल' मात्र बोलतो.

हिम. स्पेलिंग : एच, वाय, एम, एन. शेवटचा 'एन' मुका. पण गीतपुस्तकाला 'हिम्नल' म्हणताना तोच 'एन' स्पष्ट ऐकू येतो.

इपिसल आणि अपॉसल. पहिल्याचा अर्थ पत्र, दुसऱ्याचा प्रेषित. दोन्हींच्या स्पेलिंगांत 'एस' नंतर 'टी' आहे आणि तो मुका आहे. 'अपॉस्टल' असा उच्चार करू नये. पण 'प्रेषितीय' या अर्थाचे विशेषण 'अपॉस्टॉलिक' असे होते, आणि तेथे 'टी' पुन्हा बोलू लागतो.

यावरून एक उपयुक्त नियम हाती येतो. मुके अक्षर लक्षात ठेवायचे असेल तर त्या शब्दाचे भाऊबंद शोधावेत. पुष्कळदा त्यांतील एखाद्यात ते अक्षर ऐकू येते. 'डेट' मधील मुका 'बी' 'डेबिट' मध्ये बोलतो. 'रिसीट' मधील मुका 'पी' 'रिसेप्शन' मध्ये बोलतो. सही या अर्थाच्या 'साइन' मधील मुका 'जी' 'सिग्नेचर' मध्ये बोलतो. मुलांना स्पेलिंग घोकायला लावण्यापेक्षा ही नाती दाखवून दिली तर ती अधिक टिकतात.

व्हिटल्स. स्पेलिंग : व्ही, आय, सी, टी, यू, ए, एल, एस. अर्थ अन्नसामग्री, शिधा. मत्तयाच्या १४व्या अध्यायात पाच हजारांना भोजन देण्याच्या प्रसंगी किंग जेम्स भाषांतरात हा शब्द येतो. स्पेलिंग पाहून कोणीही 'व्हिक्च्युअल्स' म्हणेल. पण हाही पंडितांनी लॅटिन वेष चढवलेला शब्द आहे. खरा उच्चार 'व्हिटल्स' असाच.

सेपल्कर. स्पेलिंग : एस, ई, पी, यू, एल, सी, एच, आर, ई. अर्थ कबर, थडगे. जोर पहिल्या अवयवावर, आणि 'सी-एच' चा उच्चार 'क'.

ड्राफ्ट. स्पेलिंग : डी, आर, ए, यू, जी, एच, टी. लूकच्या ५व्या अध्यायात शिमोन पेत्राच्या जाळ्यात माशांचा मोठा घोळका सापडला, त्या ओढीसाठी जुन्या इंग्रजी भाषांतरात हा शब्द आहे. 'जी-एच' येथे 'फ' होतो, जसा तो 'लाफ' आणि 'इनफ' मध्ये होतो.

गोस्ट. स्पेलिंग : जी, एच, ओ, एस, टी. या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आपल्या वर्णमालेत 'घ' आहे. त्यामुळे 'जी' आणि 'एच' जोडून दिसले की आपल्या तोंडून 'घोस्ट' निघते. इंग्रजीत 'घ' हा वर्णच नाही, उच्चार 'गोस्ट'. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'एच' शिवायच लिहीत. कॅक्स्टनने छपाईची कला युरोपच्या मुख्य भूमीवर शिकली होती, आणि फ्लेमिश भाषेतील तशाच शब्दाच्या वळणाने त्याच्या छपाईत या शब्दात 'एच' आला. अर्थाचेही तसेच. मूळ अर्थ 'आत्मा'. 'होली गोस्ट' म्हणजे पवित्र आत्मा. पुढे सामान्य बोलण्यात हा शब्द भुतापुरता आकसत गेला. त्यामुळे मुलाने विचारले की पवित्र आत्म्याला भूत का म्हणतात, तर त्याला दटावू नये. त्याचा प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे.

३. एक स्पेलिंग, दोन उच्चार

काही ठिकाणी अक्षरे तीच राहून उच्चार बदलतो. 'मुख्य' या अर्थाचा ए-आर-सी-एच हा उपसर्ग 'आर्चबिशप' मध्ये 'आर्च' असतो, पण देवदूतांचा प्रमुख तो 'आर्केंजल'. असे शब्द पाठ करण्यावाचून मार्ग नाही; तथापि उपसर्गानंतर स्वर आला की बहुधा 'क' होतो, एवढे ध्यानात ठेवावे.

ईयोबाच्या पुस्तकाचे इंग्रजी नाव 'जोब' असे उच्चारतात. काम या अर्थाचा 'जॉब' निराळा, जरी स्पेलिंग तेच. धनुष्य ते 'बो', आणि नमन करणे ते 'बाउ'. नोहाला मेघात दिसलेले ते 'बो'. गुडघा टेकवून करायचे ते 'बाउ'.

'ब्लेस्' या धातूचे भूतकाळी रूप 'ब्लेस्ट' असे एका झटक्यात म्हणतात. पण डोंगरावरील प्रवचनातील धन्यवादांत तो शब्द विशेषण आहे. तेथे 'ब्लेसिड' असे दोन अवयव उच्चारण्याचा प्रघात आहे. संदेश या अर्थाचे नाम 'प्रॉफिसी', त्यात 'सी' अक्षर. संदेश देणे हे क्रियापद 'प्रॉफिसाय', त्यात 'एस'. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील १४वा अध्याय मोठ्याने वाचणाऱ्याने हा भेद आधी पाहून ठेवावा.

४. ओळखीची रूपे, जुने अर्थ

येथवर उच्चारांचा विचार झाला. आता अधिक जपून पाऊल टाकावे लागेल.

शब्दाचा अर्थ स्थळानुसार बदलतो, याचा अनुभव महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना रोज येतो. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड; हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत 'राजीनामा' म्हणजे नोकरी सोडल्याचे पत्र. हिंदीत तोच शब्द समेटाच्या लेखासाठी वापरतात. तसाच तो काळानुसारही बदलतो. किंग जेम्स भाषांतर १६११ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचे मराठी 'क्रिस्तपुराण' गोव्यात राचोल येथे छापले गेले. ते वाचताना आपल्याला शब्दार्थांची मदत लागते, हे आपण निमूटपणे मान्य करतो. त्याच काळातील इंग्रजी वाचताना मात्र ती लागणार नाही, असे आपण उगाच धरून चालतो.

सफर. आजचा अर्थ दुःख भोगणे. तेव्हाचा आणखी एक अर्थ 'होऊ देणे'. येशूने बालकांना आपल्याकडे येऊ द्या असे सांगितले, तेथे मत्तयाच्या १९व्या अध्यायात जुन्या इंग्रजीत हा शब्द आहे. अर्थ न जाणणारे मूल समजते की येशूने लेकरांना दुःख सोसायला सांगितले. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'खालून उचलून धरणे'. त्यातून 'सोसणे' निघाले आणि 'चालू देणे'ही निघाले.

लेट. आजचा अर्थ 'करू देणे'. जुन्या इंग्रजीत मात्र याच रूपाचा दुसरा, स्वतंत्र शब्द होता. त्याचा अर्थ 'अडवणे'. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल सांगतो की मी तुमच्याकडे येण्याचा पुष्कळदा बेत केला, पण मला अडथळा आला. तेथे हाच 'लेट' आहे. आजच्या अर्थाने वाचल्यास पौलाला येऊ दिले असा नेमका विरुद्ध अर्थ होतो. हा शब्द सर्वस्वी मेलेला नाही. आपल्या भारतीय पारपत्रात राष्ट्रपतींच्या नावाने जी इंग्रजी विनंती छापलेली असते, तिच्यात धारकाला 'लेट' किंवा अडथळा न करता जाऊ द्यावे असे म्हटले आहे. तो 'लेट' हाच.

प्रिव्हेंट. आजचा अर्थ प्रतिबंध करणे. लॅटिन मुळाप्रमाणे अर्थ 'पुढे येणे, आधी पोहोचणे'. ११९व्या स्तोत्रात भक्त पहाट होण्यापूर्वी उठून धावा करतो, तेथे हा शब्द आहे. त्याने पहाट रोखली नव्हती. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या ४थ्या अध्यायातील उपयोग तर अधिकच मोलाचा आहे. हा उतारा आपण दफनविधीत ऐकतो. प्रभूच्या येण्यापर्यंत जे जिवंत राहतील ते निद्रिस्तांच्या आधी जाणार नाहीत, म्हणजे आपली निघून गेलेली माणसे मागे राहणार नाहीत, असे पौल शोकाकुल मंडळीला सांगतो. 'अडवणार नाहीत' असा अर्थ घेतला तर ते सांत्वन ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील एक जुनी प्रार्थनाही याच शब्दाने सुरू होते. देवाने आपल्या सर्व कामांत आपल्यापुढे चालावे, एवढेच तिचे मागणे आहे.

कॉन्व्हर्सेशन. आजचा अर्थ संभाषण; तेव्हाचा अर्थ वागणूक, जीवनक्रम. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात म्हटले आहे की विश्वास न ठेवणारे पती आपल्या स्त्रियांच्या वर्तनाने, एक शब्दही न बोलता, मिळवले जावेत. तेथे 'संभाषण' असा अर्थ घेतला तर न बोलता संभाषणाने जिंकावे असे विचित्र वाक्य हाती येते. असा विरोध दिसला की ओळखावे, आपण एखाद्या शब्दाला नवा अर्थ चिकटवला आहे.

चॅरिटी. येथेही वाक्यच आपल्याला सावध करते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात पौल म्हणतो की माझे सर्व धन मी अन्नदानात वाटून टाकले, पण ही एक गोष्ट माझ्या ठायी नसली, तर काही लाभ नाही. 'चॅरिटी' म्हणजे दानधर्म असे धरले तर दान करूनही दान नाही असे होईल. शब्द लॅटिन 'कॅरिटास' वरून आला आणि त्याचा अर्थ प्रीती. विल्यम टिंडलने १५२६ साली छापलेल्या आपल्या नव्या करारात येथे 'लव्ह' हाच शब्द योजला होता. १६११ मध्ये 'चॅरिटी' आला. १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतराने पुन्हा 'लव्ह' आणला.

क्विक. आजचा अर्थ जलद. मूळ अर्थ जिवंत. प्रेषितांच्या मतांगीकारात ख्रिस्त ज्यांचा न्याय करावयास येणार आहे ते 'क्विक' आणि मेलेले, म्हणजे जिवंत आणि मेलेले. पाऱ्याला इंग्रजीत 'क्विकसिल्व्हर' म्हणतात ते तो जिवंत असल्यासारखा धावतो म्हणून.

पिक्यूलिअर. आजचा अर्थ चमत्कारिक, विचित्र. जुना अर्थ 'खास स्वतःच्या मालकीचा'. मुळाशी गुरेढोरे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, कारण प्राचीन काळी धन म्हणजे पशुधनच. पेत्र विश्वासणाऱ्यांना विचित्र लोक म्हणत नाही. देवाने आपले म्हणून राखलेले लोक म्हणतो.

मीट. आजचा अर्थ मांस. जुना अर्थ कोणतेही अन्न. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायातील 'मीट' अर्पणात मांसाचा तुकडाही नाही. आहे ते सपीठ, तेल आणि धूप. मराठीत त्याला 'अन्नार्पण' म्हणतात, आणि तेच यथार्थ आहे.

५. शब्दकोश कसा पाहावा

मराठी शब्दकोशांच्या कामात ख्रिस्ती माणसांचे श्रम मोठे आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ साली; बाबा पदमनजींनी १८६३ साली त्याचा संक्षेप करून तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला. कोश उघडण्याची ती सवय आपण सोडू नये.

कोश पाहताना तीन गोष्टी कराव्यात. पहिली, उच्चारखुणांतील छोटी उभी रेघ शोधावी. बहुतेक ब्रिटिश कोशांत ती ज्या अवयवावर जोर द्यायचा त्याच्या अगोदर असते. मोबाइलवरील कोशात शब्द प्रत्यक्ष ऐकता येतो, तोही ऐकावा. दुसरी, पहिल्या अर्थापाशी थांबू नये. खाली 'आर्केइक' किंवा 'ऑब्सोलीट', म्हणजे जुना किंवा लुप्त, अशी खूण असलेला अर्थ असतो. जुने पुस्तक वाचणाऱ्याला बहुधा तोच हवा असतो. तिसरी, शब्दाचे मूळ वाचावे. मुकी अक्षरे आणि पालटलेले अर्थ या दोहोंचा उलगडा तेथे होतो.

आणि कोश हाताशी नसेल तर? तरीही आपण मराठी वाचक निराधार नाही. शंकेचे वचन काढून तेच आपल्या मराठी पवित्र शास्त्रात पाहावे. जेथे जुनी इंग्रजी 'सफर' म्हणते तेथे मराठी 'येऊ द्या' म्हणते. जेथे ती 'चॅरिटी' म्हणते तेथे मराठी 'प्रीती' म्हणते. ज्या घरात दोन्ही पुस्तके शेजारी उघडी असतात, तेथे हे शब्द सहसा फसवत नाहीत. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती मराठी पवित्र शास्त्र देण्याची पुष्कळ कारणे आहेत. हे त्यांपैकी एक, लहानसे पण रोजच्या उपयोगाचे.

स्वाध्याय

(१) गंभीर या अर्थाच्या 'सॉलेम' या शब्दातील शेवटचा मुका 'एन' कोणत्या भाऊबंद शब्दात बोलतो?
(२) 'आर्किटेक्ट' आणि 'आर्चडीकन' यांत 'सी-एच' चे उच्चार कोणते?
(३) मार्कच्या २ऱ्या अध्यायात शिष्य 'कॉर्न'च्या शेतातून चालतात. ते मक्याचे शेत होते काय?
(४) प्रेषितांच्या कृत्यांच्या २१व्या अध्यायात पौल व त्याचे सोबती 'कॅरेजेस' उचलून यरुशलेमेस निघाले. त्यांनी काय उचलले?

उत्तरे

(१) 'सॉलेम्निटी' मध्ये. (२) पहिल्यात 'क', दुसऱ्यात 'च'. (३) नाही. जुन्या इंग्रजीत 'कॉर्न' म्हणजे कोणतेही धान्य. मका अमेरिकेतून आला आणि त्या काळी त्या देशात तो ठाऊकच नव्हता. (४) गाड्या नव्हेत, आपले सामानसुमान.